पुसायला लागणारी वीज

पप्पांच्या घशाचं ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. गळ्याला भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा, आंघोळीत तिथे पाणी जाऊ द्यायचं नाही, वर कायम स्वच्छ कापड हवं. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नव्हती. आवाज गेला पप्पांचा आणि गप्प झाली आई.

आमचं घर दिघ्यात, दोन खोल्यांचं. लग्न होऊन मराठवाड्यातून आली तेव्हापासून आई या घरात अखंड बोलत होती. समोर माणूस असलाच पाहिजे अशी तिची अट नसे. कुकरशी बोलायची, नळाशी बोलायची, खालच्या गल्लीतल्या कोंबड्यांना त्यांच्या वागण्याबद्दल चार गोष्टी सुनवायची. पप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असत. एका मर्यादेपर्यंत ते ऐकून घेत आणि मग तिथूनच गरजत, ‘‘अगं, पुरे की आता!’’ त्यांचा आवाज असा, की विहारात वंदना घ्यायला त्यांना कधी माइक लागला नाही. आई स्वयंपाकघरातून तेवढ्याच जोरात म्हणे, ‘‘मला न्हाई पुरं व्हत!’’ आणि पुढे चालू. मी लहानपणापासून हे इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याकडे माझं लक्षही जात नसे.

ऑपरेशननंतर घरात फक्त भांड्यांचा आवाज उरला. आई कामापुरतं विचारायची: चहा ठेवू का, गोळी घेतली का. पप्पा मान हलवायचे. संध्याकाळी ऐरोलीच्या ऑफिसातून मी घरी यायचे तेव्हा दोघं दोन खोल्यांत बसलेली असायची, आणि मला खरंच भीती वाटायची की या दोघांचं आता असंच राहणार. आजार बरा झाला होता. पण घर बरं झालं नव्हतं.

सुरुवातीला पप्पांना वही-पेन दिलं होतं. ते त्यांना आवडलं नाही. का, ते त्यांनी त्याच वहीत लिहून सांगितलं: ‘बोललेलं हवेत जातं. हे घरभर पडून राहतं.’ मला ते पटलं. कालचं भांडण आज उशीखाली सापडलं तर कुणाला आवडेल?

मग एक दिवस ऑफिसजवळच्या खेळण्यांच्या दुकानात मला ती पाटी दिसली. लहान मुलांसाठी मिळते ती, काळ्या चकचकीत प्लास्टिकची, बिनाशाईच्या काडीने लिहायची. लिहिलं की हिरवट अक्षर उमटतं, बटण दाबलं की सगळं क्षणात साफ. आमच्या पाटीच्या चौकटीवर एक गुलाबी ससा होता. पप्पांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पहिलं वाक्य लिहिलं: ‘आधी हा ससा काढ.’

सशावर चिकटपट्टी लावली आणि पाटी घरात रुळली.

मला वस्तू उघडून बघायची खोड आहे. आईच्या भाषेत खोलाखोली. घरातलं घड्याळ, मिक्सर, गॅसचा लायटर, सगळ्यांनी माझ्या हातचा मार खाल्लाय. त्यात माझं कामही त्याच जातीचं. द्रोणागिरीच्या एका गोदामात रॅकवर लावायच्या ज्या छोट्या पट्ट्या असतात, कुठला माल, किती खोके, ते दाखवणाऱ्या, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्या पट्ट्यांचा पडदा म्हणजे इलेक्ट्रॉनिक कागद. आत काळे आणि पांढरे बारीक कण असतात. विजेचा हलका धक्का दिला की हवे ते वर येतात, नको ते खाली जातात, आणि मग वीज बंद झाली तरी जिथे आहेत तिथेच बसून राहतात. पहिल्यांदा त्या गोदामात गेले तेव्हा मी कुणाचं लक्ष नाही असं बघून एका पट्टीतला सेल काढला होता. आकडे जागचे हलले नाहीत. मी ती पट्टी खिडकीजवळ नेली, सावलीत नेली, उलटी धरली. छापल्यासारखे ठाम. त्या पडद्याला स्वतःचा उजेडही नाही, खोलीतल्या उजेडातच तो वाचायचा, पेपरसारखा. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की सेल परत घालायचं विसरून मी पट्टी घेऊन फिरत राहिले आणि गोदामाच्या सुपरवायझरची बोलणी खाल्ली.

तर ही पाटी घरात आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी मी ती उघडली. पप्पांनी हात जोडले, तरी उघडली. मागे एक नाण्याएवढा सेल होता, बाकी जवळजवळ काहीच नाही. वाचून, विचारून कळलं ते असं: प्लास्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये एक द्रव असतो. काडीने दाबलं की त्या जागी त्याची मांडणी बदलते आणि तिथून हिरवा उजेड परत येतो. ही मांडणी आपली आपण टिकते. ती मोडायला मात्र वीज लागते, म्हणून तो सेल. आमच्या गोदामातल्या पट्ट्यांची ही गरीब चुलत बहीणच. रात्रीच्या जेवणाला मी ताटावर बसून याचं व्याख्यान दिलं. ‘‘म्हणजे बघा, लिहायला वीज लागतच नाही. पुसायला लागते!’’

पप्पांनी भुवया उंचावल्या. आईने भात वाढता वाढता एवढंच विचारलं, ‘‘आन सेल नसला तर?’’

‘‘नसला तर लिहिलेलं तसंच राहील. कितीही दिवस.’’

‘‘हं,’’ आई म्हणाली, आणि मला आमटी हवी का विचारलं. माझ्या व्याख्यानांना घरात इतपतच दाद मिळते. पाटी जोडताना मागच्या झाकणाचा बारीक स्क्रू माझ्याकडून हरवला, तेव्हा तिथेही चिकटपट्टी आली.

पाटीने पप्पांचं बाहेरच्या जगाशी जमलं. शेजारी, औषधाचं दुकान, विहारातली मंडळी, सगळ्यांशी ते पाटीवर गप्पा मारू लागले. गंमत म्हणजे काडी जितकी जोरात दाबाल तितकं अक्षर जाड उमटतं, त्यामुळे पप्पांचा आवाज अक्षरांत दिसायला लागला. औषधवाल्याशी घासाघीस करताना रेघा जाडजूड, पाहुण्यांची चौकशी करताना नाजूक. पण घरातला मुख्य प्रश्न तसाच राहिला, कारण आईला वाचता येत नाही. बसचे नंबर येतात, हिशोब तोंडी येतो, सगळी वंदना पाठ आहे. अक्षर मात्र येत नाही. लग्नानंतर पप्पांनी शिकवायला घेतलं होतं, पण शिकवणारा तापट आणि शिकणारी त्याहून तापट, त्यामुळे ती शाळा एका दुपारीच सुटली. ओठांच्या हालचालीवरून तिला चहा, पाणी, दार लाव, एवढं कळायचं. त्यापलीकडचं वाक्य आलं की दोघंही अडकायची.

म्हणून संध्याकाळी मी वाचून दाखवायचे. पप्पांनी पहिल्याच दिवशी अट घातली: ‘जसं लिहिलं तसं वाच. एक शब्द इकडचा तिकडे नको.’ मी ती पाळली. वाचायचे मात्र अगदी सपाट आवाजात, बँकेतली बाई टोकन नंबर पुकारते तसं. ‘‘आमटीत मीठ जास्त आहे,’’ असं मी आईला रागावून कसं म्हणणार? तरी आई माझ्यावरच उखडायची. ‘‘तुला जास्त लागलं तर तू घाल की पानी!’’

ही दुभाषेगिरी टाळायला मी फोनमध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारं एक ॲप टाकलं. पप्पांच्या जाड बोटांनी बराच वेळ खपून एक वाक्य लिहिलं, बटण दाबलं, आणि फोनमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, ‘‘माझी पांढरी बंडी कुठे आहे?’’

आई स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन बाहेर आली. ‘‘कोन बाई हाय ही?’’

‘‘अगं, हे पप्पाच बोलतायत.’’

‘‘ह्यांची बंडी तिला कशाला पायजे?’’

मी पुरुषाचा आवाज लावून पाहिला. तो बातम्या देत असल्यासारखा बोलत होता, आणि पप्पांनीच तोंड वाकडं केलं. फोन बाजूला ठेवून त्यांनी पाटीवर जाड अक्षरात लिहिलं, ‘हा मी नाही.’ तो विषय तिथे संपला.

त्याच सुमारास ऑफिसात आमचे वरिष्ठ एक नमुना घेऊन आले होते. इलेक्ट्रॉनिक कागदच, पण काचेवर नाही, पातळ प्लास्टिकवर केलेला. त्यांनी तो पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळला आणि त्यावरची अक्षरं वाकली, पण मोडली नाहीत. सगळ्यांनी हाताळून पाहिलं. मी मीटिंग संपल्यावरही तो मनगटाभोवती गुंडाळून बसले होते. पुढे काय काय होईल याच्या गोष्टी निघाल्या. पेपरची सुरळी करून खिशात ठेवता येईल, पण रोज तोच कागद नवी बातमी दाखवेल. औषधाच्या बाटलीवरची पट्टी स्वतःच सांगेल की मुदत संपली. कपड्यात विणलेला पडदा येईल. त्यात किती खरं होईल आणि किती नुसत्या चहासोबतच्या गप्पा, हे सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. सतत घडी घातली की हे थर कुठेतरी चिरतात, रंग अजून फिके येतात, अक्षर बदलायला वेळ लागतो, हेही त्यांनीच सांगितलं. मला मात्र एकच दिसत होतं: पप्पांच्या गळ्यावरचा रुमाल. तो रुमालच पडदा झाला तर? त्यांनी ओठ हलवले की गळ्यावर वाक्य उमटेल.

घरी येऊन मी मोठ्या उत्साहाने हे त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहिलं, ‘मी काय बस आहे, पुढे पाटी लावून फिरायला?’ मी हसले. मग लक्षात आलं की रुमालावर उमटलं काय आणि पाटीवर उमटलं काय, आईला ते वाचता थोडंच येणार होतं. माझं डोकं पडद्याकडे धावत होतं आणि अडचण पडद्यात नव्हतीच.

आणि मग पाटी बिघडली.

एका संध्याकाळी घरी आले तर पप्पा पाटी माझ्यापुढे नाचवत होते. बटण दाबून दाखवलं. अक्षर पुसलं जाईना, लिहिलेल्यावरच पुन्हा लिहून नुसता गिचमिडाट झाला होता, एक शब्द वाचता येत नव्हता. मी चिकटपट्टी काढली, पाहिलं तर सेल उलटा बसलेला. मीच घाईत उलटा घातला असणार म्हणून सरळ केला. पाटी साफ झाली. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. सेल पुन्हा उलटा. या वेळी मात्र माझी झोप उडाली. मी मीटर लावून पाहिला, सेल भरलेला होता. सेलला टेकणारी तांब्याची पट्टी साफ केली. एखादा सेल आतल्या आत स्वतःहून फिरू शकतो का, यावर मी ऑफिसात चहाच्या वेळी खरोखर चर्चा केली. लोक माझ्याकडे काळजीने बघायला लागले.

उत्तर मिळालं ते मीटरने नाही. एकदा संध्याकाळी वीज गेली आणि मी कपाटावरची बॅटरी घेतली. बटण सरकवलं, पेटली नाही. न बघताच मी झाकण उघडलं आणि एक सेल फिरवून घातला, कारण आमच्या घरातल्या बॅटरीत एक सेल कायम उलटा असतो. ती आईची गावाकडची सवय. प्रवासात पिशवीत चुकून बटण सरकलं तर बॅटरी जळत राहू नये म्हणून तिकडे सगळेच तसा ठेवतात. उजेड पडला तेव्हा मी सेलच्या झाकणाकडे बघत उभी होते. मग स्वयंपाकघराकडे बघितलं.

वीज आल्यावर मी आईजवळ जाऊन बसले. ती लसूण सोलत होती.

‘‘आई, पाटीतला सेल तू उलटा करतेस?’’

तिने मान वर केली नाही. ‘‘करते.’’

‘‘का पण?’’

‘‘दिवसभर ते लिहितेत,’’ ती म्हणाली. ‘‘लिहितेत, मला दावतेत. मी नुसती बघते. मला कळंना गेलं की त्यांचं तोंड उतरतं, आन बटन दाबून टाकतेत. तू येस्तोवर एक शबुद राहत न्हाई. तूच म्हनलीस ना, सेल नसला तर राहतंय. सेल काढून ठिवला असता तर हरवला असता, म्हनून उलटा केला.’’ मग लसणाची पाकळी तिने ताटलीत टाकली. ‘‘मला म्हायती करून घ्यायचंय, दिवसभर काय म्हनत असतेत माझ्याशी.’’

किती दिवस मी तांब्याची पट्टी घासत बसले होते!

मी उठून पाटी आणली. पप्पा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते. त्यांना ऐकू सगळं येत होतं, ते उठून मधल्या दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशीही सेल उलटाच होता, आणि पुसता येत नसल्यामुळे त्यांनी जागा पुरवून बारीक अक्षरात लिहिलं होतं, ओळीखाली ओळ. पाटी हातातून घ्यायला ते पुढे आले, पण आईने नुसता हात वर केला आणि ते थांबले.

‘‘वाच,’’ आई म्हणाली.

मी वाचायला लागले, नेहमीच्या सपाट आवाजात. ‘‘चहा नको आता. खालचा पोस्टमन बदलला वाटतं. नळाला पाणी आलं, ऐकलंस का. तुझ्या गुडघ्याला तेल लाव.’’ आणि त्यानंतर: ‘‘आज पण गप्पच?’’ खाली आणखी एक ओळ होती. ‘‘काहीतरी बोल की.’’ त्याच्याखाली भाजीवाल्याबद्दल काही होतं, आणि कोपऱ्यात, काडी जेमतेम टेकवून, ‘‘तू बोलत नाहीस तर घरात कुणीच नाही असं वाटतं.’’

या ओळीला माझा आवाज सपाट राहिला नाही.

आता मला कळलं की हे त्यांनी संध्याकाळी माझ्याकडून का वाचून घेतलं नव्हतं. मुलीच्या तोंडून बायकोला असलं कोण सांगेल? ते रोज दुपारी, मी नसताना, हे लिहून तिच्यासमोर धरत होते. ती बघत होती. मग ते पुसत होते.

आईने पदराने डोळे पुसले आणि दाराकडे वळून एकदम आवाज चढवला. ‘‘मला वाटलं, तुमाला तरास व्हईल! उपाशी मानसापुढं बसून जेवल्यावानी वाटायचं मला. तुमचं तोंड बंद आन मी एकली बडबड करू? म्हनून गप बसले व्हते, कळलं का? आन तुमी मनात काय धरून बसला! इशारा करायचा व्हता, हाताला धरून म्हनायचं व्हतं!’’

पप्पा दारातच उभे होते. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेलं काहीतरी होतं. ते खुर्चीवर जाऊन बसले आणि पेपर उघडला.

आणि आई सुटली. साठलेलं सगळं बाहेर आलं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर चहा किती पाणचट होता, तिथली नर्स दिसायला अगदी मावशीच्या सुनेसारखी, खालच्या गल्लीतली लाल कोंबडी कशी आता जिन्यावर अंडी घालते, विहारात परवा वंदना कशी कुणालाच ऐकू गेली नाही, भेंडी कशी महाग झाली, आणि माझं लग्न. भाकरी थापताना बोलत होती, ताटं घेताना बोलत होती. आम्ही जेवलो तेव्हाही ती बोलत होती. मी कधी हं म्हणत होते, कधी नाही. पप्पा जेवण झाल्यावर पुन्हा पेपर घेऊन बसले. आई ओट्यावर भांडी आपटत बोलतच होती.

खूप वेळाने पप्पांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे हात केला. मी पाटी दिली. वर जागाच नव्हती, म्हणून त्यांनी दिवसभराच्या सगळ्या ओळींवरून आडवं लिहिलं, काडी इतकी जोरात दाबून की पाटीचं प्लास्टिक कुरकुरलं. तितकं जाड अक्षर मी त्या पाटीवर कधी पाहिलं नव्हतं.

आतून आईचा आवाज आला. ‘‘काय लिवलंय गं?’’

जसं लिहिलं तसं वाचायचं, ही त्यांची अट होती. मी पोटातून श्वास घेतला आणि शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात गरजले, ‘‘अगं, पुरे की आता!’’

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. मला वाटलं, चुकलंच. मग आईचा आवाज आला, जरा कापरा, पण तेवढाच मोठा.

‘‘मला न्हाई पुरं व्हत!’’

पप्पांचे खांदे हसून हसून हलायला लागले. हसता हसता त्यांनी सवयीने पाटीचं बटण दाबलं. सेल उलटा होता. सगळं तसंच राहिलं.